चाळिसाव्या पानावर अडकलेल्या वाचकास

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कादंबऱ्या भराभर वाचतो. पाचशे पानांची कादंबरी चार दिवसांत संपते आणि कित्येक वर्षांनीही तिच्यातली माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. पण विज्ञान, इतिहास, अर्थकारण असं काही हातात घेतलं की चाळिसाव्या पानाच्या आसपास गाडी रुतते. सोडून देत नाही, पेन्सिल घेऊन बसतो, महत्त्वाचं वाटेल त्याखाली रेघ मारतो. शेवटी पानंच्या पानं रेघांनी भरतात आणि डोक्यात काही राहत नाही. गेल्या महिन्यात आमच्या वाचन गटात रोगांच्या इतिहासावरच्या एका पुस्तकाबद्दल मला दहा मिनिटं बोलायचं होतं. सुट्या सुट्या गोष्टी सांगितल्या. मग एकांनी विचारलं, “पण लेखकाचं म्हणणं काय आहे?” मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. वय एक्केचाळीस. स्मरणशक्ती कमी होत असेल का? आणखी एक: कधी कधी शेवटचं प्रकरण आधी वाचावंसं वाटतं, पण ते पुस्तकाला फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा माझीच पाळी आहे. काय करू?

उत्तर

नमस्कार.

स्मरणशक्तीची काळजी आधी मनातून काढून टाका. कित्येक वर्षांपूर्वीच्या कादंबरीतली माणसं ज्याला आज आठवतात, त्याच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. तुमच्या गटातल्या त्या गृहस्थांनी मात्र अगदी नेमका प्रश्न विचारला. तो शेवटी तुमच्या कानावर पडला. पुस्तक उघडतानाच तो तुमच्या मनात असता, तर त्या रेघांपैकी बहुतेक तुम्ही मारल्याच नसत्या.

कादंबरीत आपल्याला ओढून नेते ती गोष्ट. पुढे काय झालं, तिला ते पत्र मिळालं का, तो परत आला का, या उत्सुकतेवर पानं उलटत जातात आणि प्रसंग आपोआप एकाला एक लागून मनात बसतात. माहितीपर किंवा वैचारिक पुस्तकात हा धागा बहुधा नसतो. तिथली पानं एकमेकांना बांधलेली असतात ती प्रश्नांनी. लेखकाला एक मोठा प्रश्न पडलेला असतो. तो सोडवायचा तर आधी चार लहान प्रश्न सोडवावे लागतात, मध्येच एखादी संज्ञा समजावून द्यावी लागते, कुणाचा तरी आक्षेप निस्तरावा लागतो. या सगळ्याचा जो क्रम लेखक ठरवतो, तीच पुस्तकाची मांडणी. तुम्ही इमानेइतबारे उत्तरं वाचताय, पण ती कुठल्या प्रश्नांची हे तुमच्या हाती नाही. ज्याचा प्रश्न माहीत नाही ते उत्तर मनात ठेवायचं तरी कुठे?

मी बरीच वर्षं इतरांची हस्तलिखितं संपादनासाठी वाचते आहे. पहिल्या वाचनात मजकुराखाली एकही रेघ मारत नाही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात फक्त एक क्रियापद लिहिते. लेखक इथे काय *सांगतोय* हे नाही, तर काय *करतोय* हे. प्रश्न मांडतो. व्याख्या करतो. दुसऱ्याचं मत सांगतो. खोडून काढतो. उदाहरण देतो. कबूल करतो. अट घालतो. जेमतेम पंधरावीस क्रियापदांत बहुतेक पुस्तकं बसतात. ही सवय मला कुणी शिकवली नाही, गरजेपोटी लागली. पण इतका भरवशाचा दुसरा उपाय मला आजवर सापडलेला नाही, म्हणून तो तुम्हाला अगदी मनापासून सांगते आहे.

करून दाखवते. तुमचं पुस्तक रोगांच्या इतिहासाचं होतं, तर त्याच विषयावरचा हा एक परिच्छेद. मीच लिहिला आहे, पण यातली माहिती खरी आहे:

“लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि कित्येकजण दगावत. स्कर्व्ही नावाचा हा आजार समुद्रावरच्या थंड, दमट हवेने होतो, असं अनेक वैद्य मानत. पण १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या शल्यवैद्याने बारा आजारी खलाशांना एकाच जागी, एकाच आहारावर ठेवलं, दोघादोघांना वेगवेगळे उपाय दिले, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेले दोघं सगळ्यांत लवकर सुधारले. म्हणजे नुसत्या हवेकडे बोट दाखवून भागणार नव्हतं. तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस देण्याचा निर्णय झाला तो १७९५ मध्ये.”

तुमच्या पद्धतीने वाचलं तर इथे रेघ कशाखाली जाईल? १७४७, बारा खलाशी, जेम्स लिंड, १७९५. चारही गोष्टी खऱ्या, आणि आठवडाभरात चारही विसरल्या जाणार. आता क्रियापदं लावू. पहिलं वाक्य अडचण मांडतं. दुसरं दुसऱ्यांचं मत सांगतं. ते लेखकाचं मत नाही, हे “मानत” या एका शब्दावरून कळतं. तिसरं पुरावा पुढे करतं. चौथं त्या पुराव्यातून काय निघतं ते सांगतं. आणि पाचवं? ते वरवर पाहता आणखी एक तारीख देतं. पण त्याच्या सुरुवातीला “तरीही” आहे. तो शब्द नवा प्रश्न उघडतो: उपाय हाती होता, मग अठ्ठेचाळीस वर्षं का लागली? पुढचा परिच्छेद मी लिहिलेला नाही, तरी त्याचा विषय तुम्ही आत्ता सांगू शकाल. तो या विलंबाबद्दलच असणार. नसला, तर एक तर लेखक चुकला किंवा त्याने तो प्रश्न मुद्दाम पुढे ढकलला.

पुढचा परिच्छेद कशाबद्दल असेल याचा अंदाज येऊ लागला की मांडणी हाती आली असं समजा. अंदाज चुकला तरी चालतं. चुकलेला अंदाजही तुम्हाला जागं ठेवतो.

“तरीही”सारखे शब्द आपण डोळ्यांनी ओलांडून जातो, कारण त्यांत माहिती नसते. पण मांडणी उभी असते ती त्यांच्याच खांद्यावर. “कारण” आणि “म्हणून” घ्या. “म्हणून” आलं की कारण सांगून झालेलं असतं, आता परिणाम येणार. “कारण” आलं की परिणाम किंवा दावा आधीच सांगितलेला असतो, आता त्याचा आधार येणार. म्हणजे “कारण” दिसलं की क्षणभर मागे वळून पाहायचं: कशाचं कारण? “अर्थात” तर दोन वेगळी कामं करतं. कधी ते “म्हणजेच” असतं, आणि मग पुढे तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत येते. कधी ते “हे मान्यच आहे” असं असतं, आणि मग दोनतीन वाक्यांत एखादा “पण” येतोच. “याउलट”, “त्याचप्रमाणे”, “परिणामी”, “निदान”, “एरवी” यांच्याशीही अशीच ओळख करून घ्या. रेघच मारायची असेल तर आठवडाभर फक्त अशा शब्दांखाली मारा.

आता परिच्छेदावरून पुस्तकाकडे. इथेही लिंडच उपयोगी पडतो, कारण त्याने आपला ग्रंथ १७५३ मध्ये छापला आणि त्याच्या लांबलचक शीर्षकातच सगळी मांडणी सांगून टाकली: स्कर्व्हीवरील ग्रंथ, तीन भागांत, त्यात या रोगाचं स्वरूप, कारणं आणि उपचार यांचा शोध, शिवाय या विषयावर आजवर जे छापलं गेलं त्याचा चिकित्सक आणि कालानुक्रमे आढावा. एवढं वाचून पुस्तकाचा नकाशा तयार होतो. आधी हा आजार म्हणजे काय, मग तो कशाने होतो, मग काय करावं, आणि इतरांनी काय म्हटलंय.

आज आपल्याला लिंड आठवतो तो त्या बारा खलाशांच्या प्रयोगासाठी. त्याच्या ग्रंथात मात्र, चारशेहून अधिक पानांत, त्या प्रयोगाला मिळालेली जागा फार थोडी आहे, आणि कारणांची चर्चा करताना तो दमट हवेला धरूनच राहतो. प्रयोगाने ग्रंथाची सुरुवात होत नाही आणि सगळं विवेचन त्याच्याभोवती फिरतही नाही. लिंडच्या मनात त्या प्रयोगाचं वजन किती होतं हे त्याने एका वाक्यात कुठे सांगितलेलं नसेल, पण त्याला दिलेल्या जागेवरून बरंच कळतं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. लेखक कशाला किती पानं देतो, काय आधी आणतो, काय तळटिपेत ढकलतो, काय परिशिष्टात टाकतो, हेही त्याचं म्हणणंच असतं. निव्वळ वाक्यं गोळा करणाऱ्याला ते ऐकू येत नाही.

म्हणून अनुक्रमणिका. बहुतेक वाचक ती ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जातात. तुम्ही तिच्यावर पूर्ण अर्धा तास घालवा. प्रत्येक प्रकरणाचं नाव प्रश्नात बदलून वहीत लिहा. “साथीचे रोग आणि शहरं” असं नाव असेल तर प्रश्न होईल: शहरांमुळे साथी वाढल्या, की साथींमुळे शहरं बदलली? उत्तर तुम्हाला अजून ठाऊक नाही, आणि तेच हवं आहे. मग हे प्रश्न एकाखाली एक वाचा आणि स्वतःला विचारा, तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी का नाही? क्रम बदलला तर काय बिघडेल? काही पुस्तकांत काहीच बिघडत नाही. ती संग्रहासारखी असतात, तिथे हवं ते प्रकरण आधी वाचावं. काहींत मात्र एक वीट हलवली की सगळं कोसळतं. आपलं पुस्तक यातलं कुठलं, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

ही गोष्ट आपल्या परंपरेत फार बारकाईने विचारात घेतली गेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात ग्रंथातल्या विषयांची यादी येते: पंधरा अधिकरणं म्हणजे मोठे विभाग, दीडशे अध्याय, एकशे ऐंशी प्रकरणं. आणि शेवटच्या, पंधराव्या अधिकरणात बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत, म्हणजे शास्त्रीय ग्रंथ रचायच्या युक्त्या. त्यांत उद्देश आहे, म्हणजे थोडक्यात सांगणं, आणि निर्देश आहे, म्हणजे तेच विस्ताराने सांगणं. अनागतावेक्षण म्हणजे “हे पुढे येणार आहे” असं सांगणं, अतिक्रान्तावेक्षण म्हणजे “हे मागे येऊन गेलं” याची आठवण देणं. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि उत्तरपक्ष, म्हणजे त्याला दिलेलं उत्तर, हेही त्याच यादीत आहेत. आपण आज समासात क्रियापदं लिहितो, ते याच कामाचं साधं रूप.

त्यातल्या पूर्वपक्षावर जरा थांबते, कारण वाचक सगळ्यांत जास्त घसरतात ते इथे. चांगला लेखक विरोधकाचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडतो, मग त्याला उत्तर देतो. घाईत वाचणारा पहिला अर्धा भाग वाचतो आणि तेच लेखकाचं मत समजतो. चार्ल्स डार्विनच्या १८५९ सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चंच पाहा. सहाव्या प्रकरणात तो लिहितो की डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीतून घडला असेल ही कल्पना कमालीची हास्यास्पद वाटते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. हे एवढंच वाक्य उचलून डार्विनलाच स्वतःची खात्री नव्हती असं सांगणारे आजही भेटतात. पण त्या प्रकरणाचं नावच सिद्धान्तातल्या अडचणींबद्दल आहे, आणि लगेच पुढे तो साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या कशा संभवतात ते समजावतो. चौथ्या प्रकरणापर्यंत त्याचा मुख्य सिद्धान्त मांडून झालेला असतो, त्यानंतर आक्षेपांना तो प्रकरणंच्या प्रकरणं देतो. अनुक्रमणिका पाहून वाचणाऱ्याला त्या वाक्याशी येताच कळतं की आपण पूर्वपक्षात आहोत. मराठी लेखनात पूर्वपक्षाच्या खुणा ओळखायला सोप्या असतात: “कुणी म्हणेल की”, “वरवर पाहता”, “असा समज आहे की”, “यावर आक्षेप घेता येईल”. अशी खूण दिसली की समासात “पू.” लिहा आणि “उ.” कुठे येतं ते शोधत पुढे जा.

मांडणीचे पाच प्रकार पाठ्यपुस्तकांत शिकवतात: वर्णन, क्रम, तुलना, कारण आणि परिणाम, समस्या आणि उपाय. ते माहीत असावेत, पण अख्खं पुस्तक क्वचितच एका खणात बसतं. आणि धोका असतो तो दोन खणांच्या मधल्या फटीत. इतिहासाच्या पुस्तकात “आधी हे झालं, नंतर ते झालं” असा क्रम चाललेला असतो आणि नकळत “नंतर”चं “मुळे” होतं. वर दिलेल्या माझ्याच परिच्छेदात, प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी आरमाराने निर्णय घेतला, एवढंच म्हटलं आहे. प्रयोगामुळे घेतला, असं नाही. तुम्ही वाचताना तसं गृहीत धरलं का? धरलं असेल, तर तो दुवा तुम्ही जोडलात, मजकुराने नाही. तारखांच्या ओळीत कारणं दडवलेली असतील तर प्रत्येक सांध्यावर थांबून विचारा, याला पुरावा दिलाय का? तुलनेच्या मांडणीत विचारायचं असतं की निकष कुणी ठरवले आणि कुठले वगळले. समस्या आणि उपायाच्या मांडणीत पाहायचं ते हे की समस्येचं वर्णन आधीच त्या एका उपायाच्या मापाने तर बेतलेलं नाही.

बातमी आणि शोधनिबंध यांचं वेगळं. बातमीत सगळ्यांत महत्त्वाचं आधी येतं आणि खाली उतरावं तसं महत्त्व कमी होत जातं, त्यामुळे जागा कमी पडली तर शेवट कापता येतो. शोधनिबंधात उद्दिष्ट, पद्धत, निष्पन्न आणि चर्चा असे कप्पे ठरलेले असतात. दोन्हींचा साचा एकदा कळला की पुरतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. काही पुस्तकांची मांडणी खरोखरच वाईट असते. मी अशी हस्तलिखितं पाहिली आहेत ज्यांत मुख्य मुद्दा पहिल्यांदा दोनशेव्या पानावर येतो, आणि लेखकालाही तो तिथेच सापडलेला असतो. सलग तीन प्रकरणांचे प्रश्न तुम्हाला सापडले नाहीत, क्रियापदं लिहिताना प्रत्येक परिच्छेदाशी “माहिती देतो” एवढंच लिहावं लागलं, तर दोष तुमच्या माथी घेऊ नका. त्या पुस्तकातून हवं ते सूचीच्या आधाराने काढून घ्या आणि पुढे चला.

पुढच्या महिन्याच्या दहा मिनिटांसाठी आता अगदी नेमकं सांगते. अर्धा तास अनुक्रमणिका आणि प्रस्तावना, प्रश्न वहीत. मग पहिलं प्रकरण संपूर्ण, समासात क्रियापदांसह. हे काम हळू होईल, होऊ द्या. त्यापुढे प्रत्येक प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटा आणि वहीतल्या प्रश्नाखाली स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत उत्तर लिहा. जमलं नाही तर फक्त त्या प्रकरणाची उपशीर्षकं आणि परिच्छेदांची पहिली वाक्यं पुन्हा वाचा, सगळं नको. प्रश्न चुकीचा होता असं दिसलं तर प्रश्न बदला. माझे तर निम्मे प्रश्न बदलतात. गटात बोलताना पहिलं वाक्य असं करा: “लेखकाला पडलेला प्रश्न असा, आणि त्याचं उत्तर असं.” मग ते उत्तर कुठल्या तीनचार टप्प्यांतून आलं ते सांगा, आणि कुठला टप्पा तुम्हाला पटला नाही तेही. सुट्या गोष्टी जरूर सांगा, त्यांनीच ऐकणाऱ्यांचं मन रमतं. पण प्रत्येक गोष्ट एखाद्या टप्प्याला लावून सांगा.

राहिली तुमची शेवटची शंका. शेवटचं प्रकरण आधी वाचा, बिनदिक्कत वाचा. कादंबरीचा शेवट आधी वाचला तर लेखकाने राखून ठेवलेली गोष्ट हातातून जाते. इथे लेखकाला काही राखून ठेवायचं नसतं, उलट आपण कुठे चाललो आहोत हे वाचकाला माहीत असावं अशीच त्याची इच्छा असते. डार्विनने चौदाव्या, शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की हे सगळं पुस्तक म्हणजे एक लांबलचक युक्तिवाद आहे, म्हणून त्यातल्या मुख्य गोष्टी थोडक्यात पुन्हा सांगितल्या तर वाचकाला सोयीचं जाईल. ते प्रकरण आधी वाचून मग पहिल्या प्रकरणातल्या पाळीव कबुतरांपाशी आलात, तर ती कबुतरं तिथे का आहेत हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक असेल.